कोड्याचं उरलेलं अर्धं

आमच्या चादरीच्या कारखान्यात एक ग्राफ मास्तर होते आणि त्यांना सरळ रस्त्याचा राग यायचा. फाटकातून आत आलं की समोर डिझाइनची खोली, मध्ये एक काडी आडवी नाही. पण मास्तर कडुनिंबाला वळसा घालणार, पाण्याच्या टाकीमागून जाणार, सूत उतरवायच्या फळीवरून चढून उतरणार आणि मग खोलीत येणार. नव्या वॉचमनने पहिल्या दिवशी त्यांना चोर समजून धरलं होतं.

"मास्तर, सरळ या की हो," त्याने मागाहून हात जोडून सांगितलं.

"सरळ आलो तर लवकर पोचतो की रे. लवकर पोचून काय करू? मालकाचं तोंड बघत बसू?"

पांढरा शर्ट, गुडघ्याशी फुगलेली पँट, खिशात खडूचा तुकडा, खांद्याला चादरीच्या उरलेल्या कापडाची पिशवी. घरात तेलुगू, कारखान्यात मराठी आणि माग बंद पडला की दखनी शिव्या. त्यांच्या घराण्यात पणजोबापासून हातमाग. यांनी मात्र माग सोडून ग्राफ धरला. चादरीवर जी नक्षी दिसते ती आधी चौकटीच्या कागदावर घर न् घर रंगवावी लागते, ते काम यांचं. कुणी काही विचारलं, अडचण सांगितली, रजा मागितली, तरी त्यांचं पहिलं उत्तर ठरलेलं असायचं, "नडू." म्हणजे तेलुगूत, चाल. प्रश्न घेऊन आलेल्या माणसाला सोबत घेऊन ते शेडला एक चक्कर मारत आणि अर्ध्या चकरेत बहुतेकांचा प्रश्न गळून पडायचा. माझा कधी पडला नाही. मी चिवट.

मी मोहोळकडची. कॉम्प्युटरचा कोर्स करून, लग्न होऊन सोलापुरात आले. मालकांनी नक्षी काढायचं सॉफ्टवेअर आणलं आणि ते चालवायला मला ठेवलं. म्हणजे खरं तर मास्तरांच्या पोटावर पाय द्यायलाच मी आले होते. दुसरा कुणी असता तर माझ्याशी धड बोलला नसता. मास्तरांनी पहिल्या दिवशी खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसून विचारलं, "मोर काढता येतो?"

मी म्हटलं, "येतो."

"दोन मोर समोरासमोर आहेत. किती काढणार?"

"दोन."

"खुळी का काय! एक काढायचा. चादर अर्धीच काढायची असती पोरी. उरलेली अर्धी यंत्र उलगडतं." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून हसत म्हणाले, "देवानं माणूस पण असाच काढलाय. डावं काढलं, उजवं उलटवलं. काळीज तेवढं एका बाजूला राहिलं. तिथं ग्राफ चुकलाय त्याचा."

माझ्या यंत्रात त्यासाठी एक बटण होतं. मिरर. अर्धी नक्षी काढायची, बटण दाबायचं, समोर अख्खी चादर. मास्तरांना ते बटण दाखवलं तेव्हा त्यांनी ते स्वतः दोनदा दाबून बघितलं. मग म्हणाले, "एवढ्यासाठी मी डोळे फोडले?" तेव्हा मला हसू आलं होतं.

त्यांचं दुसरं वेड म्हणजे कोडं. कोडं म्हणजे जमिनीवर दगड मांडून केलेली वर्तुळं, एकात एक, आणि त्या दगडांच्या ओळींमधून जाणारी पाऊलवाट. दारातून शिरायचं, वाट फिरवेल तसं फिरायचं आणि शेवटी मधोमध पोचायचं. सांगली-साताऱ्याकडच्या कुठल्या गावात जुनं कोडं आहे असं कानावर आलं की मास्तर रजा टाकून, बायकोला पुतण्याकडे ठेवून एसटी पकडत. एका देवळाच्या फरशीवर हातभर कोडं कोरलंय म्हणून दिवसभर प्रवास करून गेले, ते बोटाने चालून परत आले. पुण्याजवळच्या एका रिसॉर्टात झुडपांचं कोडं केलंय असं मीच त्यांना फोनवर दाखवलं होतं. तिकीट काढून आत गेले आणि मॅनेजरशी भांडून आले.

"तो भूलभुलैया आहे की! फाटे फोडलेत, बंद गल्ल्या केल्यात. हरवायला पैसे घ्यायलेत लोकं. आपल्या कोड्यात फाटाच नसतो. एकच वाट. चालत राहिलं की झालं. ह्यात चुकता येत नाही पोरी. माणसाला जगात एक तरी जागा पायजे, जिथं चुकता येत नाही."

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं की पुढे पुढे ते सुरू झालं की मी हेडफोन लावायची. तेव्हा मला ते कारखान्यातल्या पंख्याच्या घरघरीसारखं वाटायचं. आज त्या वाक्याने मला झोप येत नाही.

पण वेड म्हणून मी जे हसण्यावारी नेत होते, त्यामागचं कारण मला वर्षभराने कळलं. शिवणखात्यातल्या बाईने सांगितलं. मास्तरांना एकच मुलगी. कॉलेज संपवून बँकेच्या परीक्षा देत होती. डेंग्यूने चार दिवसांत गेली. मुलीला दवाखान्यात नेलं तेव्हा मास्तरांच्या बायकोने, सगळे त्यांना अक्का म्हणत, सांगितलं होतं, "ती आल्याशिवाय मी बूड टेकणार नाही." मुलगी आली नाही. अक्कांनी बूड टेकलं नाही.

खरंच नाही. मी स्वतः बघितलंय. दोन खोल्यांचं घर, पुढच्या दारापासून मागच्या मोरीपर्यंत अक्का दिवसभर चालायच्या. झोपेने पडतील तेव्हाच आडव्या. जेवण म्हणजे चालता चालता घास तोंडात दिला तर दिला, नाहीतर थुंकून टाकायच्या. पाय सुजून खांबासारखे झालेले. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, अक्कलकोट झालं, दुधनीजवळच्या कुठल्या बाबाचा अंगारा झाला. मास्तर देवाला न मानणारा माणूस, पण सगळं केलं. बायको डोळ्यांदेखत सुकत चालली की माणूस काय काय करत नाही!

मग एकदा सूत घेऊन येणाऱ्या ट्रकवाल्याने सांगितलं, शहराबाहेरच्या माळावर दगडांची गोल गोल मांडणी आहे, तुमच्या चादरीवर चांगली दिसेल. मास्तर नक्षीसाठी बघायला गेले आणि अक्कांना घरी एकटं ठेवता येत नाही म्हणून सोबत नेलं. अक्का चपला काढून त्या वाटेत शिरल्या आणि चालू लागल्या. नाहीतरी चालायचंच होतं. मास्तर मागून. वाट आत नेतेय, बाहेर आणतेय, मध्याच्या अगदी जवळ नेऊन पुन्हा लांब ढकलतेय. बऱ्याच वेळाने वाट संपली. मधोमध ओंजळभर मोकळी जागा. पुढे जायला वाटच नाही. अक्का थांबल्या, इकडे तिकडे बघितलं, "वच्चिनम" म्हणाल्या आणि मांडी घालून खाली बसल्या. वच्चिनम म्हणजे, आलो आपण, पोचलो.

मास्तर हे सांगताना दर वेळी इथे थांबायचे. "बसली पोरी. सात महिन्यांनी बसली. पिशवीत कडक भाकरी आणि शेंगाचटणी होती, ती मागून घेतली. एक आख्खी खाल्ली की!"

तेव्हापासून दर रविवारी दोघं माळावर. पहिली बस, मग तासभर चाल. अक्का आठवड्यातून एकदा बसायच्या आणि एकदा पोटभर खायच्या. त्या एका दिवसावर बाकीचे सहा दिवस निघायचे. कोड्याची बातमी पसरली तशी शहरातली माणसं गाड्या घेऊन यायला लागली. कुणी ध्यान लावायचं, कुणी व्हिडिओ काढायचं. मास्तर सगळ्यांना चपला काढायला लावत, सिगारेट विझवायला लावत. एका जोडप्याला दगडांवरून उडी मारून मध्ये गेले म्हणून परत दारापर्यंत आणून पहिल्यापासून चालायला लावलं होतं म्हणे. "पोरी, एकदा ये की तू पण," मला दर शनिवारी म्हणायचे.

"पुढच्या रविवारी मास्तर, नक्की."

माझे रविवार! सासूबाईंचं डोकं धुवायचं, आठवड्याचं दळण, नवऱ्याचे मित्र जेवायला. खरं सांगायचं तर ते सगळं नसतं तरी मी गेले नसते. उन्हात माळावर जाऊन दगडांत फिरायला मला काय धाड भरली होती?

मास्तरांना साखर होती. आधी एका डोळ्यापुढे धुकं आलं, मग दुसऱ्यात आतल्या आत रक्त उतरलं. ऑपरेशन झालं, पण बस चढताना पायरी दिसेना. आपण आंधळे झालो तर हिला माळावर कोण नेणार, ही एकच धास्ती त्यांना लागली. तेव्हा त्यांनी ठरवलं की कोडंच घराजवळ आणायचं. त्यांच्या घरापासून चार गल्ल्या सोडून सार्वजनिक बाग आहे. तिच्या एका कोपऱ्यात कारंजं बसवायचं राहिलेलं, नुसती धूळ. मास्तर नगरसेवकाच्या घरी इतक्या चकरा मारायला लागले की शेवटी तो कंटाळून म्हणाला, "द्या तुमचा नकाशा, बसवू दगड. लोकांना फिरायला काहीतरी होईल."

नकाशा काढायला मास्तरांनी तीन महिने लावले. रविवारी माळावर जायचं, पावलं मोजत चालायचं आणि सोमवारी डोळ्याला भिंग लावून, जाड पेनने, ग्राफवर ओळी ओढायच्या. अर्धा ग्राफ झाला आणि हात थांबला. चौकटीच दिसेनात. मग ते कागदाची गुंडाळी घेऊन माझ्याकडे आले. त्या दिवशी फाटकातून सरळ आले होते, ते मला नंतर आठवलं.

"डावी बाजू झालीय. उजवी तू काढ. पण माळावर जाऊन, चालून काढ हं. मी हिला घेऊन दारापाशी थांबतो, नाहीतर तू एकटी जा. पण चालून काढ."

"काढते की."

"पुढच्या रविवारी?"

"नक्की मास्तर."

तो रविवार गेला. त्याच्या पुढचा गेला. मास्तरांना आता बस चढवेना, त्यांचंही माळावर जाणं बंद पडलं होतं. मास्तर विचारायचे, मी काहीतरी सांगायची. मग एका दुपारी बागेतून निरोप आला, दगडवाले उद्या येतायत, नकाशा आज पाहिजे. मास्तर माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. "आलीस ना जाऊन?"

मी म्हटलं, "आले की. परवाच आले."

त्यांचा चेहरा असा उजळला! "चाललीस? मध्यापर्यंत? कसं वाटलं?"

"छान वाटलं," मी म्हटलं. "शांत."

आणि ते गेल्यावर मी त्यांचा अर्धा ग्राफ स्कॅन केला आणि मिरर दाबलं. अर्ध्या मिनिटाचं काम. पडद्यावर गोल गोल नक्षी उमटली, डावी उजवी अगदी सारखी. इतकी सुंदर दिसत होती की मला वाटलं, उगीच म्हातारा उन्हात चालायला लावत होता. दिवसभर हेच तर करतो आपण, मोर, कमळं, कोयऱ्या, सगळं अर्धं काढतो आणि उलटवतो. गोल वस्तूची उजवी बाजू डावीसारखी नसेल, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. कुणा गवंड्याने, शिक्षकाने, वाण्याने ही चूक केली नसती. ती चादरवालीच करू जाणे.

आठवड्याभरात दगड बसले. उद्घाटनाला मांडव घातला होता. 'मनःशांती पथ' असा फलक. नारळ फुटला, नगरसेवकाने मास्तरांना शाल दिली, मास्तरांनी ती अक्कांच्या खांद्यावर टाकली आणि त्यांना दाराशी आणलं. दोघांनी चपला काढल्या. मी पिशवी धरून उभी होते. पिशवीत भाकरी होती, तिची ऊब हाताला लागत होती.

मास्तरांनी एक पाऊल आत टाकलं. थांबले. पायाने डावीकडे चाचपलं, मग उजवीकडे.

"इथं दोन वाटा कशा?" ते हळूच म्हणाले.

अक्का मात्र डावीकडे वळून चालू लागल्या. वाटेने त्यांना डाव्या अंगाला फिरवलं, वरून पलीकडे नेलं, तसंच उजव्या अंगाला फिरवलं आणि आणून सोडलं दारात. आतल्या ओळींत शिरायला कुठूनच वाट नव्हती. अक्का दारात आल्या, गोंधळून बघितलं आणि पुन्हा डावीकडे वळल्या. पुन्हा दारात. लोक टाळ्या वाजवत होते. त्यांना वाटलं, बाई प्रदक्षिणा घालतायत. चार बायका पदर खोचून त्यांच्यामागून चालायला लागल्या. मास्तर दाराशी, तळहात पुढे धरून, जणू अंधारात भिंत शोधत असावेत तसे उभे होते. अक्का किती वेळा फिरल्या मी मोजलं नाही. पाय लटपटायला लागले तेव्हा आम्ही त्यांना उचलून रिक्षात घातलं. भाकरी तशीच घरी गेली.

मला त्याच क्षणी कळलं होतं मी काय केलंय. उलटवलेल्या नक्षीत डाव्या वाटेला उजवी वाट जाऊन मिळते आणि गोल बंद होतं. मध्याला जाणारी एकच वाट कधी दोन्हीकडे सारखी असूच शकत नाही. लहान पोरालाही पेन्सिलीने करून बघता आलं असतं.

"माझं चुकलं," मास्तर रिक्षात म्हणाले. "डावी बाजू काढतानाच काहीतरी चुकलो मी. डोळे बघ की माझे."

मी बोलले नाही. लोक हो, मी बोलले नाही! तोंडात शब्द होते, जीभ उचलली असती तर पुरे होतं.

"काही बिघडलं नाही," तेच पुढे म्हणाले. "खरं कोडं आहे की माळावर. उद्या जाऊ. तू चाल, मी ऐकतो, पावलापावलाला सांग. पुन्हा काढू."

दुसऱ्या दिवशी रजा टाकून रिक्षा करून गेलो, मास्तर, अक्का आणि मी. मी वाट दाखवायला पुढे बसले होते आणि मला वाट माहीत नव्हती. रिक्षावाल्याला मास्तरच सांगत होते, इथं बाभळ येईल, इथं विहीर. शेवटी ते म्हणाले, "हां, आलं, थांब."

मी माळाकडे बघितलं. जमीन हातावरच्या पापडासारखी सपाट. जेसीबीचे दात जागोजाग उमटलेले. चुन्याच्या पांढऱ्या रेघांनी प्लॉट पाडलेले, प्रत्येकाला नंबर. एका कडेला दगडांचा ढीग, तोही अर्धा उचलून नेलेला.

"दिसायलंय का दार?" मास्तरांनी विचारलं. त्यांना दिसत नव्हतं. सांगायचं माझ्याच वाट्याला आलं. मी सांगितलं.  चपला त्यांनी आधीच काढून हातात घेतल्या होत्या, त्या तशाच धरून राहिले.

मेंढरं घेऊन एक म्हातारा आला. मास्तरांना ओळखत होता. "आवो मास्तर, लई वंगाळ झालं की वो. पंधरा दिस झालं. म्या आडवा पडलो त्या गाडीला, पर जमीन इकली हाय म्हनाले, कागुद दावला. माज्या आज्याच्या आज्यापासनं होतं ह्ये कोडं." मग त्याचं लक्ष माझ्याकडे गेलं. "ह्या बाई कोन?"

"ह्यांनी आमचा नकाशा काढला," मास्तर म्हणाले. "येऊन गेल्यात की मागं. गेल्या आठवड्यात."

"न्हाय बा," म्हातारा म्हणाला. "म्या रोज हितंच आसतो. ह्यास्नी न्हाय बगितलं कदी. आन् गेल्या आठवड्यात कोडं कुटं हुतं?"

वारा सुटला होता. अक्का पांढऱ्या रेघांच्या कडेकडेने चालत लांब गेल्या होत्या. मास्तरांचा चेहरा माझ्याकडे वळला. ते डोळे माझ्या कपाळाच्या थोडं वरच बघत होते. मला वाटलं, आता विचारतील. विचारावं असंही वाटलं.

"तुला दिवस नीट आठवत नसंल," ते म्हणाले. "आधी आली असशील. आणि दुपारी आली असशील. हा दुपारी झोपतो."

मी म्हटलं, "हो मास्तर. दुपारीच आले होते."

तो म्हातारा आम्हा दोघांकडे बघत राहिला आणि मेंढरं हाकत निघून गेला.

त्यानंतर मास्तर कुणालाही सांगताना "माझी चूक, माझा ग्राफ चुकला" एवढंच म्हणायचे. त्यांना कळलं होतं का? कधी वाटतं, त्या माळावर त्यांना सगळं कळलं आणि त्यांनी मला जायला वाट करून दिली. कधी वाटतं, नाही, तो भाबडा माणूस, त्याने माझ्यावर विश्वास ठेवला आणि आपल्या पायांवरचा स्वतःचा विश्वास काढून घेतला. दोन्हींतलं कुठलं जास्त वाईट, ते मला ठरवता येत नाही.

इंटरनेटवरची दुसरी कोडी मी सुचवली, ती त्यांना नको होती. म्हटलं, मास्तर, निदान चार दगड काढून मध्यापर्यंत वाट करू. "भिंत फोडून घरात शिरलो तर घरी आलो म्हणायचं का?" असं म्हणाले खरे, पण अक्कांनी खाणं जवळजवळ सोडलं तेव्हा त्यांनी तेही केलं. एका सकाळी अक्कांचा हात धरून दगडांवरून पाय टाकत टाकत त्यांना मध्ये नेलं आणि म्हणाले, "वच्चिनम." अक्का बसल्या नाहीत. तिथेच उभ्या उभ्या पाय हलवत राहिल्या आणि त्यांनी तेलुगूत नवऱ्याला विचारलं, "अजून किती लांब आहे?" त्या दिवशी मी मास्तरांना पहिल्यांदा रडताना बघितलं. आवाज न करता, चष्मा न काढता.

बागेतलं कोडं लोकांना मात्र फार आवडलं. अजून आवडतं. सकाळी योगवाले येतात, संध्याकाळी कॉलेजची पोरं. अकरा फेऱ्या मारल्या की मनातलं होतं असं बायकांनीच ठरवून टाकलंय. मध्ये पोचता येत नाही हे एकाच्याही लक्षात आलेलं नाही. ज्याला मध्ये उभं राहून फोटो काढायचा तो दगड ओलांडून जातो. मी एकदोघांना सांगून बघितलं. "त्यात काय मॅडम, एवढेसे तर दगड आहेत," असं म्हणाले.

मास्तर गेल्या मार्गशीर्षात गेले. दुपारी, खाटेवर, छातीत कळ येऊन. महिनाभर आधी मी त्यांना भेटले होते तेव्हा मला सांगायचंच होतं. तोंड उघडलं तोच ते म्हणाले, "पोरी, काही सांगायचं असलं तर नंतर. आधी हिला जरा फिरवून आण." मी फिरवून आणलं. येऊन बघते तर त्यांचा डोळा लागला होता. तेवढंच निमित्त पुरलं मला. निघून आले.

अक्का आता पुतण्याच्या घरी असतात. ते लोक वाईट नाहीत, पण चालणाऱ्या माणसाला कोण किती दिवस सांभाळणार? रविवारी मी जाते. सासूबाईंचं डोकं जाऊबाई धुतात, दळण शनिवारी होतं. नसलेला वेळ कसा निघाला बघा! डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी घेते, डबा बाकावर ठेवते, दोघी चपला काढतो आणि डावीकडे वळतो. अक्कांचा हात आता वाळक्या काडीसारखा झालाय, पण पकड घट्ट आहे. घरी परत नेते तेव्हा डबा भरलेलाच असतो.

गेल्या रविवारी तिसऱ्या फेरीला मी बोलले. का तेव्हाच, माहीत नाही. आजूबाजूला कुणी नव्हतं.

"अक्का, मास्तर चुकले नव्हते. त्यांची बाजू बरोबर होती. उरलेली अर्धी मी उलटवली. मी माळावर आलेच नव्हते. एकदाही नाही."

अक्का थांबल्या. त्यांना थांबलेलं मी बागेत कधी बघितलं नव्हतं. माझ्या तोंडाकडे बघितलं, अगदी नीट, एखाद्या ओळखीच्या बाईकडे बघावं तसं. मला वाटलं, आता थोबाडीत मारतील, आणि मारावी म्हणून मी तोंड पुढे केलं.

"नडू," त्या अगदी मास्तरांसारखं म्हणाल्या, आणि माझा हात ओढला.

दार आलं. आम्ही पुन्हा डावीकडे वळलो.